ठासणीच्या बंदुकीचा स्क्रू आणि उद्याचा बार

मी, शंभूराज रामहरी गोफणे, वय बावीस, राहणार पळसदेव, तालुका इंदापूर, पूर्ण शुद्धीवर राहून, कुणाच्या धाकाने वा भरीस पडून नव्हे, पुढील व्यवस्था लिहून ठेवतो. मी प्यायलेलो नाही. शेजारचे मच्छीमार कुंडलिकतात्या यांनी तोंडाचा वास घेऊन खात्री केली आहे. मला मरायचंही नाही. हे आईसाठी आधीच लिहितो.

कारण असे. उजनीचं पाणी उतरून जुन्या देवळाचं शिखर उघडं पडलं की आमच्या घरातून काठावर एक बार काढतात. बंदूक आजोबांची; मेंढरांमागे फिरताना लांडग्यांसाठी बाळगलेली. घरात नवं लग्न झालं असेल तर बाराचा मान नवरदेवाचा, आणि नवरी त्याच्या डाव्या हाताला उभी राहते. यंदा मान चुलतभाऊ यशराजदादाचा. डाव्या हाताला उत्कर्षा.

दोन वर्षांपूर्वी घोड्याच्या आतल्या पट्टीचा स्क्रू गाळात हरवला. दादाचं इंदापुरात ट्रॅक्टरचं गॅरेज आहे. त्याने तिथलाच एक स्क्रू दाबून बसवला. आटे जुळत नव्हते, तो तिरका शिरला. स्क्रू तिरका की पट्टी तिरकी, आणि मग घोडा अडवून धरणाऱ्या अटकणीचं टोक खाचेत पुरतं उतरत नाही. घोडा अर्ध्यावर थांबल्यासारखा दिसतो; थांबलेला नसतो. गेल्या साली आप्पा, म्हणजे माझे वडील, बार पेटवणारी तांब्याची टोपी चढवत होते आणि घोडा सुटला. आप्पांचा अंगठा फुटला. अजून वाकत नाही. दादा चारचौघांत म्हणाला, "आप्पांनी दारू जास्त ठासली." मी त्याच्या गॅरेजची काच फोडली. ती भरून दिली जाणार नाही, याची वारसांनी नोंद घ्यावी.

यंदा मी भोक साफ करून नवा स्क्रू घडवला. बाजारात असे आटे मिळत नाहीत. दिव्याची काजळी लावायची, फिरवायचा, काढायचा, जिथली काजळी पुसली तिथं कानस मारायची, परत काजळी. तिरका स्क्रू तसाच ठेवून बंदूक नुसती पुसून दिली असती तरी दादाला कळलं नसतं. हा विचार माझ्या मनात आला होता. डाव्या हाताला कोण उभं राहणार तेही आलं. मग परत काजळी लावली.

मोकळ्या बंदुकीत घोडा धरतो. भरलेल्या बंदुकीत टोपी चढवून अजून कुणी पाहिलेलं नाही. उद्या सकाळी ते मी पाहणार, दादाच्या हाती देण्याआधी.

"बांधून दोरीनं वढ," आप्पा म्हणाले.

"टोपी काय दोरीनं चढवू? तितंच तर सुटतोय."

"मग मृत्युपत्र लिव्ह आधी. निम्मी वकिली शिकलायस न्हवं?"

म्हणून लिहिलं. आता वाटणी.

घर, जमीन माझ्या नावावर नाही. मोटरसायकल बहीण मनिषाला. तिला वाटेल तिथं तिने न्यावी, कुणी विचारू नये.

कायद्याची पुस्तकं रद्दीत. उत्कर्षाच्या साखरपुड्यादिवशी माझा पेपर होता. उत्तरपत्रिका फाडून बारामतीहून निघालो तो परत गेलो नाही. एका पुस्तकात तिच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. ते ठेवावं असं आधी लिहिलं होतं. तेही रद्दीत.

बंदूक आप्पांच्या परवान्यावर आहे, मला देता येत नाही. आतला स्क्रू तेवढा माझा. तो आप्पांना, आणि त्याच्या डोक्यावरच्या खाचेला घासून बसता केलेला पेचकसही त्यांनाच. दुसरा कुठला लावला तर खाच फाटेल.

जुना स्क्रू काडेपेटीत आहे. तो यशराजदादाला. अट एकच: घेताना त्याच चारचौघांत म्हणावं की आप्पांनी दारू जास्त ठासली नव्हती.

उत्कर्षावहिनींना काही नाही. काल काजळी लावत असताना त्या आल्या होत्या.

"धरतोय का आता, भाऊजी?"

कॉलेजात मला शंभ्या म्हणायची.

"धरतोय."

"खरं सांगा. ह्यांच्या हातात द्यायचीय."

"म्हणूनच घासतोय."

ज्याला काही मिळणार त्याला साक्षीदार करू नये, असं दुसऱ्या वर्षाला शिकवलं होतं. तो तास आम्ही एका बाकावर ऐकला. साक्षीला दुसरं माणूस मिळालं असतं. मी तिलाच विचारलं. ती हो म्हणाली.

लिहून ठेवणार: शंभूराज रामहरी गोफणे (सही)

साक्षीदार:
१. कुंडलिकतात्या, शेजारी (डाव्या अंगठ्याचा ठसा)
२. सौ. उत्कर्षा यशराज गोफणे (वाचून सही)

पळसदेव, ९ मे २०२५

पुरवणी, १० मे. सकाळी टोपी चढवली, घोडा धरला, बार झाला. बंदूक धुऊन दादाच्या हातात दिली. त्याचाही बार नीट झाला. वरील सर्व रद्द समजावे. काडेपेटी मी कुणाला दिली नव्हती, हा कागदही दाखवला नव्हता. तरी बार झाल्यावर दादा सगळ्यांसमोर म्हणाला, "आप्पा, गेल्या साली दारू जास्त नव्हती. स्क्रू माझा चुकला."

साक्षीदार दोनच होते. कुंडलिकतात्यांना वाचता येत नाही.

शंभूराज (सही)