माझ्या हाताचा अर्धा सेकंद

तीर्थरूप दादास,

शिरसाष्टांग नमस्कार लिहायचा रिवाज आहे, पण तूर्त फक्त शिर झुकवतो. बाकीची सात अंगं रागावलेली आहेत. तुझे गुडघे कसे आहेत? वहिनींचं डोकं अजून उठतं का? (तुझ्यासोबत राहून उठणारच.) बाबांच्या रेडिओवरून आपला अबोला सुरू झाला त्याला नऊ वर्षं झाली, आणि मी तो सुखाने आणखी नऊ वर्षं पाळला असता. पण तुझ्या कन्येने माझ्या पोटावर पाय दिलाय, म्हणून पेन उचललं.

ती मनाच्या शास्त्रात कसलासा प्रबंध लिहितेय आणि त्यासाठी तिला माझा उजवा हात हवा होता, हे तुला ठाऊक असेलच. एकतीस वर्षं मी पोस्टाच्या सॉर्टिंगच्या खोलीत उभा आहे. समोर आठ ओळी, ओळीत आठ कप्पे, एका कप्प्याला एक गाव. पत्ता दिसला की पत्र कप्प्यात. मान वर करावी लागत नाही. आमच्या साहेबांची परवानगी काढून ती आठवडाभर माझ्या पाठीमागे घड्याळ घेऊन बसली. पहिल्याच दिवशी तिने कागदावर चौसष्ट चौकोन आखून दिले आणि कुठलं गाव कुठे ते आठवून लिहायला सांगितलं. मला अकरा आली. (त्यातली दोन चुकली.) मग तिने शांतपणे समजावलं की कप्पे मला माहीतच नाहीत, माझ्या नेणिवेला माहीत आहेत, जाणीव बिचारी मागाहून येते आणि 'मी केलं' म्हणून मिरवते. म्हणजे एकतीस वर्षं पाठ मोडली माझी आणि श्रेय नेणिवेला. मग उद्यापासून हजेरी तिचीच लावा, आणि दुपारनंतर कंबर धरते तीही तिलाच द्या. असं मी तुझ्या लेकीला सुनावलं, तर तिने तेही वहीत टिपून घेतलं.

इथवर गिळलं. शनिवारी मात्र हद्द झाली. साहेबांसमोर, शेजारच्या दोन टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "काका, तुमचा हात कुठेच थांबत नाही. फक्त आमच्या गावाचं पत्र आलं की अर्धा सेकंद थांबतो. दर वेळी."

दादा, हे साफ खोटं आहे. मला तुझी आठवण येत नाही. घड्याळ बिघडलेलं असणार. तूच घेऊन दिलं असशील. पण तेव्हापासून मी हातावर पहारा ठेवलाय, बघू थांबतो कसा, आणि पहारा बसल्यापासून तो धड चालेनासाच झालाय. (जिना उतरताना एकेका पायरीचा विचार करून बघ, तोंडावर आपटशील.) सोमवारी एक्केचाळीस पत्रं भलत्याच कप्प्यांत गेली, मंगळवारी साठ. साहेबांनी शुक्रवारपर्यंत मुदत दिलीय. नाही सुधारलं तर तिकिटांच्या खिडकीवर रवानगी, जिथे माणसांशी गोड बोलावं लागतं. माझं गोड बोलणं तू ऐकलेलं आहेस. तेव्हा कन्येला चांगली समज दे आणि तो अर्धा सेकंद प्रबंधातून खोडायला लाव.

तुझा (नाइलाजाने) धाकटा भाऊ

ता. क. पाकिटावर तुझा पत्ता न अडखळता लिहून झाला, घरक्रमांकासकट. नऊ वर्षांत एकदाही लिहिला नव्हता. हे तिला कळता कामा नये, नाहीतर वही काढेल.

आणखी एक, पाकिटाच्या पाठीवर. चिकटवून हे इतर पत्रांच्या गठ्ठ्यात टाकलं आणि कामाला लागलो. आता हातात आलंय, आणि हात अर्धा सेकंद नव्हे, चांगली पाच मिनिटं थांबलाय. मागे साहेब उभे आहेत. शुक्रवारच्या आत ये. रेडिओ नाही आणलास तरी चालेल.