सलामीच्या बंदुका

उस्ताद, तुमच्या सलामीला बंदुका का अडकल्या, ते तुम्हाला सांगायचं राहून गेलंय. तुम्ही असता तर एका नजरेत ओळखलं असतं आणि मला सांगायची वेळच आली नसती. पण सलामी तुमचीच होती.

पोलीस शस्त्रागारात मला पाठवलं तेव्हा तिथं बाईमाणूस कुणी नव्हतं. गार्डातले जवान म्हणायचे, हिला राखी बांधायला ठेवलीय का बंदुका पुसायला? तुम्ही मान वर न करता म्हणालात, "हात मोकळे हायेत ना तिचे? मग बस झालं." दुसऱ्या आठवड्यात एक खाकी ॲप्रन आणून टेबलावर टाकलात. तुमचाच जुना, वहिनींनी माझ्या मापाचा करून दिलेला. खिसा मात्र तुमच्या उंचीचाच राहिला होता. पेचकस काढायला मला वाकावं लागायचं आणि तुम्ही हसायचात. त्या खोलीत तेलाचा, ओल्या सुताचा आणि तुमच्या डब्यातल्या ठेच्याचा असा एकच वास असायचा. घरी गेल्यावर आई नाक मुरडायची. मला तो आवडायचा, पण तसं कधी बोलून दाखवलं नाही.

चांदमारीवरचा तो दिवस तुम्हाला आठवत असेल. एका शिपायाची एसएलआर रायफल दर दोन गोळ्यांनंतर थांबत होती. तुम्ही टेकाडापलीकडं निशाण लावायला गेला होतात. मी रुबाबात पुढं झाले आणि काही न बघता गॅसची चकती घट्ट केली. मला तेवढंच येत होतं: बंदूक थांबली की गॅस, म्हणजे धुराचा दाब, वाढवायचा. पुढच्या गोळीला बंदुकीनं त्या पोराच्या खांद्याला असा हिसका दिला की तो मागं कलंडला, आणि बंदूक पुन्हा थांबली ती थांबलीच. तुम्ही धावत आलात. सगळ्या तुकडीसमोर म्हणालात, "दुखणं पोटाचं अन् औषध डोळ्याला! आधी बघ तर खरं. उडालेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी कुठं हाय? आतच चिकटली असंल तर चेंबर घाण हाय. खिडकीत अडकली असंल तर गॅस कमी पडतोय. बोल्टच पुरता पुढं गेला नसंल, तर त्याला कुणीतरी आडवं आलंय. बंदूक का थांबली ते ती सोताच दाखवती. तू बघतच नाईस." पुंगळी आतच चिकटली होती. चेंबरमध्ये वाळू होती. मी रडले नाही, पण जेवलेही नाही. मग तुम्ही अर्धी भाकरी माझ्यापुढं सरकवलीत आणि म्हणालात, "खा. शिव्या उपाशीपोटी पचत नाईत."

तुम्ही बंदोबस्तावरून परत येत होतात. पैठण रोडला, चितेगावच्या अलीकडं ट्रकनं जीपला धडक दिली. ड्रायव्हर वाचला. बातमी आली तेव्हा मी तुमचंच स्टूल पुढं ओढून बसले होते आणि कितीतरी वेळ त्यावरून उठायला घाबरत होते. साहेबांनी बोलावलं. म्हणाले, "ड्यूटीवर असताना गेलेत, सलामी द्यायची आहे. बंदुका तू काढ, पोरांना तालीमही तूच दे." तुमच्यासाठी काहीतरी नीट करायला मिळतंय, म्हणून मला बरं वाटलं होतं, उस्ताद. अभिमानसुद्धा वाटला होता.

सलामीच्या काडतुसात पुढं गोळी नसते. त्यामुळं धुराचा दाब बनत नाही आणि बंदूक आपलं आपण पुढचं काडतूस घेत नाही. प्रत्येक बारानंतर हातानं हँडल मागं ओढून सोडावं लागतं. हे मला माहीत होतं, पोरांनाही माहीत होतं. तालमीत सगळ्यांची हँडलं एकदम सुटली की मोठा खडाका व्हायचा. मला तुमच्या आईचा, वहिनींचा चेहरा दिसला. दुःखाच्या घरी हा कसला लोखंडी खडखडाट, असं वाटलं. मी पोरांना म्हणाले, "ओढा जोरात, पण सोडू नका. हातानं अलगद पुढं न्या. आवाज व्हायला नको." तालीम रिकाम्या बंदुकांवर होती. सगळं सुरेख, एका लयीत, चिडीचूप झालं. साहेबही म्हणाले, छान.

तुमचं गाव पाचोडच्या पलीकडं, मोसंबीच्या बागांत. तुमच्या शेताच्या बांधाला चिता रचली होती. आजूबाजूच्या वाड्यांतली माणसं झाडांवरसुद्धा चढली होती. पोरांनी गाडीतून उतरतानाच नेहमीच्या पद्धतीनं, हँडल सोडून, बंदुका भरल्या होत्या, म्हणून पहिली फैर एकदम, कडक वाजली. झाडांवरचे बगळे उडाले. मग पोरांनी मी शिकवल्यासारखी हँडलं ओढली आणि अलगद, हातानं, पुढं नेली. आवाज आला नाही. हुकूम झाला. एखाददुसरा बार मागंपुढं वाजला, बाकी नुसते खटके. पोरांनी गोंधळून पुन्हा तसंच केलं, आणखी हळू, आणखी अदबीनं. तिसऱ्या हुकुमाला एकही बंदूक बोलली नाही.

हँडल सोडलं की स्प्रिंग बोल्टला झटक्यानं पुढं नेऊन बसवते. हात आडवा आला की बोल्ट बसत नाही, आणि बोल्ट बसला नाही की बंदूक फुटत नाही. मला त्याच क्षणी कळलं होतं. रांगेच्या टोकाला मीच उभी होते. "हात सोडा" एवढं ओरडायचं होतं. तोंड उघडलं, पण साहेब होते, पाहुणे होते, झाडांवर माणसं होती. मी ओरडले नाही. गर्दीतनं कुणीतरी म्हणालं, "गंजल्या व्हय रं बंदुका?" आणि तुमचे वडील, इतका वेळ खाली बसलेले, काठीवर रेटून उठले. म्हणाले, "रझाकाराच्या बंदुका म्या ऐकल्यात. पोलीस ॲक्शनात फौजंच्या ऐकल्यात. कंदी अडकल्या नाईत. माझ्या लेकाच्या टायमालाच बरं अडकल्या." साहेबांनी हातानं खूण केली, बिगुल वाजलं, अग्नी दिला.

परतताना गाडीच्या मागं मी एकेक काडतूस काढून बघितलं. बुडाच्या टोपीवर पिनेचा ठोकाच पडलेला नव्हता. काडतुसं ठणठणीत होती. कचेरीत पोचल्यावर ती साहेबांपुढं ठेवली आणि सगळं सांगितलं. त्यांनी ती मुठीत घेतली, खिडकीपाशी गेले. म्हणाले, "बाईनं शिकवलं म्हणून बंदुका चालल्या नाहीत, असं बाहेर गेलं तर तुझंही गेलं आणि माझंही. काडतुसं दमट होती. विषय संपला."

"पण साहेब, काडतुसं सांभाळायला उस्ताद होते."

"ते आता जबाब द्यायला येणार आहेत का?"

मी सॅल्यूट करून बाहेर आले. तो सॅल्यूट आठवला की अजून उजवा हात कुठं ठेवावा कळत नाही.

तुमचं तेरावं होऊन गेल्यावर मी तुमच्या घरी गेले. वहिनी चुलीपुढं होत्या. तुमची मुलगी शेजारी झोपली होती, बोट तोंडात. वहिनी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "लोक लई बोलायलेत, ताई. म्हणत्यात, ज्यानं आयुष्यभर दुसऱ्याच्या बंदुका राखल्या, त्याच्याच टायमाला त्याची काडतुसं ओली निघाली. घरी तर ते ओला टॉवेलसुद्धा दांडीवर नीट पसरायचे." मग मी सगळं सांगितलं. काहीच लपवलं नाही, ओरडले नाही हेही सांगितलं. म्हणाले, उद्या लेखी देते, वर कळवते. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली.

"लेखी दिल्यावर तुमचं काय हुईल?"

"शस्त्रागारातून काढतील."

"मग परत बाईला घेतील का तिथं?"

"नाही घेणार."

त्यांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. "मग नका देऊ. त्यांच्या हातचं शिकलेलं एक तरी माणूस तिथं राहू द्या. त्यांची अब्रू काय, ज्याला ठाव हाय त्याला ठाव हाय." आणि पहिली भाकरी माझ्या ताटात टाकली.

मी नाही म्हणायला हवं होतं. तुम्ही तिथं असता तर मी नाही म्हटलं असतं, असं स्वतःला सांगते. तेही खरं नसेल. खरं एवढंच की ती भाकरी मला गोड लागली. परतीच्या एसटीत खिडकीशी बसले आणि माझा जीव हलका झाला होता. तुमच्या बायकोनं तुमचं नाव मोडून मला दिलं होतं आणि मला हलकं वाटत होतं.

पुढं मला बढती मिळाली. नंतर पोरं मलाच उस्ताद म्हणायला लागली. हाक ऐकली की पहिली काही वर्षं मी मागं वळून बघायची. हँडल का सोडायचं ते मी जीव तोडून शिकवलं. एका सलामीला असं घडलं होतं, असंही सांगायची. कुठं, कुणाच्या सलामीला, ते मात्र कधी नाही. वहिनींकडं दिवाळीला जायची, मग दोन वर्षांतून एकदा, मग फोनवर. तुमचे वडील वारले तेव्हा मी बंदोबस्ताचं कारण सांगितलं. बंदोबस्त नव्हता.

आता मी निवृत्त आहे, पुंडलिकनगरला राहते. मागच्या महिन्यात वहिनी गेल्या. दहाव्याला गेले होते. तुमची मुलगी शाळेत शिकवते, कपाळावरची आठी अगदी तुमची. सगळे पांगल्यावर ती माझ्याजवळ ओसरीवर येऊन बसली. म्हणाली, "आई बाबांचं सगळं सांगायची, पण त्या सलामीचं कधीच नाही. मला शाळेत पोरं चिडवायची ना, फुसक्या काडतुसाची पोरगी म्हणून. घरी येऊन रडायचे, तर आई उठून गोठ्यात जायची. मला वाटायचं, तिलापण बाबांची लाज वाटते."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं, उस्ताद. माझी नोकरी, तुमचं नाव, वहिनींचा मोठेपणा, असा हिशेब मी एवढी वर्षं मांडत आले. त्यात शाळेतून रडत येणारी ती मुलगी कुठंच नव्हती.

मी तिला सांगितलं. सगळं, तिथंच, चपला घालायच्या आधी. शेवटी तिनं एवढंच विचारलं, "आईला माहीत होतं?"

"हो. त्यांना मी सांगितलं होतं."

"म्हणजे तुम्हा दोघींना माहीत होतं. मी सोडून."

मी तिचा हात धरायला गेले. तिनं झटकला नाही, फक्त काढून घेतला, आणि उठली. आतून माझी पिशवी आणून दिली. "तुमची गाडी चुकेल," म्हणाली. त्यानंतर तिचा फोन नाही. मी दोनदा केला. वाजतो, ती घेत नाही. घ्यावाच असंही नाही.

हे लिहून तिला पाठवावं असं मनात होतं. तिच्या वडलांची काडतुसं कोरडी होती हे तिच्याजवळ कागदावर असावं, म्हणून. ते मी वेगळं, नीट, सहीनिशी लिहून पाठवीन. वरच्या कचेरीलाही पाठवीन, कुणी वाचो न वाचो. हे मात्र नाही पाठवणार, कारण यात अजून एक गोष्ट आहे आणि ती तिला कळावी असं मला वाटत नाही. बंदुका गप्प झाल्या तेव्हा मी ओरडले नाही, ते काही फक्त भीतीनं नव्हे. मी तुमच्याकडं बघत होते. तुम्ही लाकडांवर होतात, तोंडाशी तुळशीपत्र होतं, आणि मी वाट बघत होते की आता तुम्ही उठून याल आणि मला बाजूला साराल. तुम्ही उठला नाहीत, म्हणून त्या क्षणी मला तुमचा राग आला होता.