गप्प पडलेल्याकडे आधी

१२ नोव्हेंबर

आई,

नमस्कार. तुम्ही विणलेले मोजे पोचले. एक जोडी आमच्या भूल देणाऱ्या डॉक्टरांनी ढापली. परत मागितली तर म्हणतात, सासूबाईंना सांगा, आणखी एक मुलगा आहे समजा. मी बरी आहे. थंडी मरणाची आहे, पण ऑपरेशनचं टेबल तंबूतून पक्क्या शेडमध्ये हललंय, त्यामुळे वरून गळत नाही.

फोनवरच बोलले असते, पण माझ्यामागे रांग असते आणि तुम्ही फोन स्पीकरवर ठेवता. भिंगरीच्या कानावर जायला नको, म्हणून पत्र.

परवा तुम्ही कौतुकानं सांगितलंत, नात एकदम शहाणी झाली. हाताचं प्लास्टर काढताना हूं की चूं केलं नाही. कान दुखत होता तेही बोलली नाही, उशीवर पू दिसला तेव्हा कळलं. आई, ही आपली भिंगरी? डास चावला तरी अख्खी इमारत डोक्यावर घेणारी? तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. टाके घालताना हात नीट चालतात, हात धुतले की डोकं पुन्हा घरी.

सुट्टीतला तो दिवस तुम्ही विसरला नसाल. जिन्याचा कठडा तुटला आणि दोघं खाली पडली, आपली भिंगरी आणि शेजारचा तिचा दोस्त. ती हात धरून किंचाळत होती. तो नुसता पडून होता. मी तिला ओलांडून त्याच्याकडे गेले. तुम्ही ओरडलात, "अगं, आधी आपली बघ!" आणि मी तिच्यादेखत म्हणाले, "ती ओरडतेय, म्हणजे श्वास चालू आहे. गप्प पडलेल्याकडे आधी जायचं असतं."

त्याची जीभ मागे जाऊन श्वास अडला होता. वाचला बिचारा. उद्या तसंच घडलं तर मी पुन्हा त्याच्याकडेच आधी जाईन. यावरून तुम्ही माझी सुट्टी संपेपर्यंत माझ्याशी तुटक वागलात, त्याचा मला राग आहे. अजून आहे.

मध्येच बोलावणं आलं म्हणून उठले होते. एक जवान, मांडीत लोखंडाचा तुकडा घुसलेला, माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. मला इतकं बरं वाटलं की त्याला म्हटलं, ओरड बाबा, आणखी ओरड. नर्स माझ्याकडे बघतच राहिली.

हं, तर जे लिहायचं मी इतका वेळ टाळतेय ते. रविवारी तुम्ही भिंगरीच्या हातात फोन देऊन गॅसवरचं बघायला गेलात. ती बोलेचना. मी विचारलं, रागावलीस का, शाळेत काही झालं का. शेवटी अगदी हळू म्हणाली, "आई, मी केव्हाची गप्प पडलेय. तू अजून आली नाहीस."

मी काहीबाही बोलले आणि फोन ठेवला.

आणखी एक गोष्ट ह्यांच्यापासून आणि तुमच्यापासून लपवली होती. इथली माझी मुदत या महिन्यात संपते. साहेब म्हणाले होते, थांबलात तर शस्त्रक्रियेचा सगळा विभाग तुमच्या हाती देतो. मला ते हवं होतं, आई. फार हवं होतं. मनातल्या मनात हो म्हणून मोकळी झाले होते, फक्त तुम्हाला कसं सांगायचं याची जुळवाजुळव चालली होती.

आज सकाळी नाही म्हणून आले. घराजवळच्या लष्करी दवाखान्यात जायचं, भरतीच्या पोरांचे तळपाय आणि डोळे तपासायचे. मी चडफडणार, तुमच्यावर राग काढणार, तेवढं सांभाळून घ्या. आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांपुढे त्याग वगैरे म्हणू नका. नियम माझाच आहे, मलाच कसा मोडता येईल?

आता तुमचं काम. मी येतेय हे तिला इतक्यात सांगू नका. गप्प राहिलं की आई येते असं तिच्या डोक्यात बसलं, तर पुढच्या खेपेला कानाचा पडदा फाटेपर्यंत ती बोलायची नाही. तिची वेणी घट्ट घाला, आवडती बाहुली लपवा, काय वाटेल ते करा. आणि ज्या क्षणी ती भोकाड पसरेल, त्या क्षणी तिला जवळ घेऊन सांगा, तुझा आवाज ऐकला, आई निघाली.

त्या भोकाडाची वाट बघत सामान बांधणारी,
तुमची सून