पेजेची बाटली

प्रिय तात्या,

शर्यत पूर्ण झाली! पोहणं, सायकल, धावणं, तिन्ही. ही बातमी सगळ्यात आधी तुम्हाला द्यायची होती, पण काकी एसटीतून उतरली ती फाट्यावरच सुरू झाली. घरी पोचेपर्यंत अख्ख्या वैशाखऱ्याला कळलं होतं. तुम्ही तेवढे राहिलात.

आज सापगावला खोलीवर परत आले आहे. समोर चार फॉर्म पडलेत. शाळा सुटल्यावर माझ्याकडे नदीवर पोहायला येणाऱ्या चार मुलींना पुढच्या वर्षी लहान गटात उतरायचं आहे. पेन उघडलं, पण पहिली ओळही लिहिता येईना. तुमच्याशी एक बोलणं दोन वर्षं राहिलंय. ते आधी, मग फॉर्म.

लोक विचारतात, तुला कोणी शिकवलं? मी सांगते, माझ्या चुलत्यांनी. वैशाखऱ्याहून मुरबाडला सायकलवर दोन कॅन बांधून दूध घालायचे. तेच पाय घेऊन घाटाच्या शर्यतीत उतरले, आणि कल्याणकडच्या एका कारखान्याने पगार देऊन त्यांना आपल्या संघात घेतलं. लागोपाठ तीन वर्षं राज्यात पहिले. मग गुडघा गेला आणि ते परत भाताच्या खाचरात उभे राहिले. ऐकणारा म्हणतो, पण त्यांना ट्रायथलॉन कसं माहीत? नव्हतंच माहीत!

आठवतं? मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. मुरबाडच्या वाचनालयातून पेपरातली बातमी उतरवून आणली आणि पडवीत तुम्हाला वाचून दाखवली.

"पोवायचं, मग सायकल, मग धावायचं? एकाच दिवशी?"

"हो तात्या. मध्ये थांबायचं नाही."

"जेवायला तरी सोडतात का नाय?"

"नाही."

काकी चुलीपुढून म्हणाली, "कामधंदा नाय त्या लोकांनी काढलेला खेळ हाय ह्यो."

तुम्ही हसला नाहीत. कागद हातात घेऊन, न वाचता, उलटापालटा करून बघितलात. मग म्हणालात, "जेवायला सोडत नसतील तर ही खायाची शर्यत हाय, मने. ताकद सगळ्यांकडं असते. पोटात काय घातलं आणि कवा घातलं, त्याच्यावर ठरंल."

आता मी मोठमोठ्या विजेत्यांच्या मुलाखती वाचते. कल्याणच्या सायबर कॅफेत बसून, डिक्शनरी मांडीवर घेऊन. त्यांचंही म्हणणं तेच निघालं. भूक लागायच्या आधी खा, तहान लागायच्या आधी पी. तुम्हाला हे न वाचता कसं कळलं होतं?

आणि मग सुरू झाली तुमची शाळा! तसं पोहायला आणि सायकलवर बसायला मला तुम्हीच शिकवलं होतं, मी सहावीत असताना. पाठीला रिकामा प्लास्टिकचा कॅन बांधून डोहात सोडलं होतंत आणि वर उभे राहून ओरडत होतात, "पाण्याशी भांडू नको गो, त्याला काय पडलंय तुझं?" पण आता त्याच डोहात मला अर्धा तास, पाऊण तास पोहायला लावलंत. समोरच्या काठावरचं उंबराचं झाड खूण म्हणून दिलंत. दर दहा हातांना डोकं वर काढायचं, झाड बघायचं, पुन्हा खाली. एकदा मी झाड बघायला विसरले आणि थेट म्हशींच्या घोळक्यात जाऊन पोचले. "बरोबर आलीस," तुम्ही म्हणालात, "पयला नंबर म्हशीचा, दुसरा तुझा."

सायकल तर तुमचं राज्य. मोरोशीपर्यंत जायचं आणि घाटाची पहिली वळणं चढायची. मला वाटायचं, दात-ओठ खाऊन पॅडल दाबलं की झालं. तुम्ही मागून ओरडायचात, "पाय फिरव गो, दाबू नको! दाबलास का मांडी संपली. पुढं धावायचं कुनी, मी?" कोणी पुढे गेलं की माझा जीव कासावीस व्हायचा. तुमचं उत्तर ठरलेलं. "जाऊ दे त्याला. वरच्या वळणावर भेटंल, जीभ भायेर काढून."

सायकलवरून उतरलं की बसू द्यायचा नाहीत. लगेच बांधावरून धाव. पाय लाकडासारखे झालेले, वाकडेतिकडे पडायचे, आणि खाचरातल्या बायका हात थांबवून हसायच्या. मला लाज वाटायची. तुम्ही त्यांच्याकडे बघून म्हणायचात, "हसा, हसा. ह्या पायांची ओळख आत्ताच झालेली बरी. शर्यतीत पयल्यांदा भेटले तर रडंल ती."

आणि सुट्टीचा दिवस! आठवड्यातून एक दिवस काहीही करायचं नाही म्हणालात, तेव्हा मी चिडले होते. मला वाटलं, मुलगी म्हणून सवलत देताय. तुम्ही राबाकडे, भाताच्या रोपांच्या वाफ्याकडे, बोट दाखवलंत. "भात पेरल्यावर रोज उकरून बगतेस काय, रुजलं का म्हनून?"

पेज मात्र तुम्ही स्वतः करायचात. काकीला हात लावू द्यायचा नाहीत. तांदूळ मऊ शिजवून फडक्यातून गाळायचा, त्यात मीठ आणि गुळाचा खडा. गार झाली की बाटलीत. घाटात काय, बांधावर काय, मी दिसले की ती बाटली पुढे यायचीच.

तात्या, आता त्या दिवसाकडे येते.

शर्यतीच्या नियमांचे तीन कागद टपालाने आले होते. इंग्रजीत. मी पडवीत बसून ते शब्द न् शब्द वाचले. दुसऱ्या पानावर स्पष्ट लिहिलं होतं, शर्यतीत नसलेल्या माणसाकडून कसलीही मदत घेतली तर स्पर्धक बाद. मी त्या ओळीखाली रेघसुद्धा मारली. तुम्ही साखळीला तेल घालत होतात. हात पुसत विचारलंत, "काय लिव्हलंय गो त्यात?"

आणि मी काय म्हणाले? "काही नाही तात्या, नेहमीचंच."

का म्हणाले तसं? खरं सांगू? वाटलं, एवढं कुठे समजावत बसायचं. घरातली पहिली पदवीधर मी. कागद वाचणं माझं काम, पाय घडवणं तुमचं. अशी वाटणी मी मनातल्या मनात करून टाकली होती. आणि त्या वाटणीचा मला थोडा गर्वही होता.

तुमच्या काळी घाटाच्या शर्यतीत काय चालायचं ते तुम्हीच मला शंभर वेळा सांगितलं होतंत. चढावर आपला माणूस दिसला की गाव धावायचं. कोणी डोक्यावर पाणी ओतायचं, कोणी हातात केळं द्यायचं, कोणी सीटला हात लावून दहा पावलं ढकलायचं. ज्याच्या बाजूने कोणी धावलं नाही, त्याच्या गावाची वर्षभर चेष्टा. हे सगळं मला माहीत होतं. तुम्ही रस्त्यावर उभे राहणार हेही माहीत होतं. तरी मी दोन गोष्टी एकत्र जोडल्या नाहीत. कसली पदवी ही!

शर्यतीच्या दिवशी समुद्रातून पोहून बाहेर आले तेव्हा मी मुलींमध्ये चौथी होते. सायकलवर तिसरी झाले. शेवटच्या चढावर तुम्ही दिसलात. टोपी सरळ केलेली, चपला एका हातात, बाटली दुसऱ्या हातात. माझ्या बाजूने अनवाणी धावायला लागलात, त्या गुडघ्यावर! बाटली माझ्या सायकलच्या दांडीवरच्या पिंजऱ्यात खोचलीत, सीटला हात लावलात आणि ढकललंत. "हो पुढं, मने! हो पुढं!"

मागून शिट्टी वाजली. मोटरसायकलवरचे पंच उतरले, लाल कार्ड दाखवलं आणि माझा नंबर वहीत लिहून घेतला. संपलं.

मी सायकल रस्त्यावर टाकली आणि सगळ्यांच्या देखत तुमच्यावर ओरडले. "तुम्हाला काही कळत नाही का, तात्या? सगळं घालवलंत!"

तुम्ही पडलेली बाटली उचललीत. झाकण घट्ट केलंत. आणि म्हणालात, "मला वाटलं तुला तहान लागली आसंल."

परतीच्या एसटीत आपण वेगवेगळ्या बाकांवर बसलो. टोकावडे आल्यावर तुम्ही मागे वळून एकदाच बोललात, "आमच्या टायमाला ह्यो नियम नव्हता गो." मी खिडकीबाहेर बघत राहिले. तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. तात्या, नियम माझ्या पिशवीत होता. बस, एवढंच. ते मी बोलले नाही.

नंतर मला शहापूरजवळ, इथे सापगावच्या शाळेत नोकरी लागली. दिवाळीला घरी आले तर माझी सायकल पुसून, साखळीला तेल घालून, पडवीत उभी होती. आपण भाताबद्दल बोललो, माझ्या पगाराबद्दल बोललो, सापगावच्या नदीला ओढ किती तेही तुम्ही विचारलंत. त्या दिवसाबद्दल कोणीच काही बोललं नाही. मला वाटलं, शिमग्याला सांगू. माघात तुमच्या छातीत दुखायला लागलं आणि जीप मुरबाडला पोचायच्या आत तुम्ही गेलात. इतकी घाई का केलीत? घाई करू नको म्हणून मला शिकवणारे तुम्हीच ना?

तेराव्यानंतर काकीपाशी मी सगळं कबूल केलं. कागदाचं, रेघेचं, "नेहमीचंच" म्हणाले त्याचं. वाटलं, ती रागावेल. ती भांडी पुसत होती, पुसतच राहिली. मग म्हणाली, "ते मला कवाच बोलले होते, 'पोरीनं सांगितलं नाय याचा आर्थ तिला मला दुखवायचं नव्हतं.' आणि म्हनाले, पुढल्या टायमाला मी रस्त्याच्या पलीकडं उभा राहीन. हात खिशात घालून. मग तर चालंल ना म्हनाले."

तात्या, तुम्ही माझी बाजू माझ्यापेक्षा चांगली मांडून ठेवली होतीत. पण ती खरी नव्हती हो. तुम्हाला दुखवायचं नाही म्हणून नव्हे, तुम्हाला विचारात घेतलंच नाही म्हणून मी सांगितलं नव्हतं. आज खरं सांगते. रागवायचं असेल तर रागवा.

यंदाचे नियम आले तेव्हा मी ते मराठीत उतरवून काढले आणि पडवीत काकीला एकेक ओळ वाचून दाखवली. तुम्हाला दाखवायला हवी होती तशी. काकीचे प्रश्न संपेनात.

"पानी द्यायचं नाय?"

"नाही. ते देणारे लोक ठरलेले असतात."

"पडलीस तर उचलायचं नाय?"

"नाही काकी."

"काय मेला खेळ! मग आमी येऊन करायचं काय तिथं?"

शर्यतीच्या दिवशी त्याच चढावर ती उभी होती. रस्त्याच्या पलीकडे, पदराचा बोळा तोंडात धरून! शब्द बाहेर पडला तर मी बाद होईन, अशी तिला भीती. मी चढता चढता ओरडले, "काकी, ओरडायला चालतं!"

पदर सुटला आणि सगळा रस्ता दणाणला. "पाय फिरव गो, दाबू नको! दाबू नको म्हनते ना!"

पंचसुद्धा हसले. मी हसत हसत चढ कधी संपवला ते कळलं नाही. धावताना पाय लाकडाचे झाले तेव्हा घाबरले नाही, त्यांची माझी जुनी ओळख. सोळाव्या किलोमीटरला पोटऱ्या आखडल्या तेव्हा थोडं चालले, शेवटची पेज प्यायले. होय, पेजच. सकाळी मी स्वतः गाळली आणि सुरुवातीलाच सायकलला लावली, उरलेली छोट्या बाटलीत भरून कमरेला. स्वतःची नेली तर चालते, तेही नियमात लिहिलंय. अकरावी आले मुलींमध्ये. तुम्ही म्हणाला असतात, म्हशी नव्हत्या म्हणून.

आता फॉर्म भरते. चौघींपैकी दोघींच्या घरी अजून कुरकुर आहे. पोरीने अर्ध्या कपड्यात सायकल चालवायची का, हा एका आजीचा प्रश्न. मी जाणार आहे त्यांच्या घरी, वही घेऊन. वहीच्या पहिल्या भागात तुमच्या गोष्टी लिहिल्यात, जशा बोलायचात तशाच. उंबराचं झाड, राबातलं भात, वरचं वळण, सगळं. दुसऱ्या भागात नियम, मराठीत.

माझा शब्द आहे तात्या. शर्यतीआधी चारही घरांच्या ओट्यावर बसून मी ती वही मोठ्याने वाचून दाखवीन, आणि शेवटचा प्रश्न संपेपर्यंत उठणार नाही. "नेहमीचंच" हा शब्द माझ्या तोंडून निघणार नाही. चौघींच्या सायकलला पेजेची बाटली मी आधीच लावून देईन.

आणि त्या चढावर आल्या की मी रस्त्याच्या पलीकडे उभी राहीन. हात खिशात घालून.

तुमची,
मनी