कचरूपेटी

पुंडलिकनगर, औरंगाबाद
१० फेब्रुवारी २०१६

ती. अक्कास,

धाकट्या भावाचा सप्रेम जयभीम. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मी ओरडलो की शेजारी खिडक्या उघडतात, म्हणून लिहितो.

इकडे सगळे बरे. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. मागच्या मोकळ्या जागेत नवी इमारत उठते आहे, तिच्या बोअरची मशीन दिवसभर घुरघुरते आणि जमिनीतून नुसता पांढरा भुगा वर येतो. तो माझ्या कॉम्प्युटरवर बसतो, मी पुसत राहतो. हा कॉम्प्युटर आमच्या अभयनं टाकून द्यायला काढला होता. त्यावर मी लिनक्स चढवलं. लिनक्स म्हणजे मशीन चालवणारी प्रणाली. फुकट मिळते, जगभरचे लोक मिळून ती दुरुस्त करतात. उस्मानपुऱ्यात माझं रेडिओचं दुकान होतं, तेव्हा असे लोक भेटले असते तर! परवा नवी आवृत्ती टाकली आणि पडदा काळा पडला. शेवटी जुनीवर परत आलो. आता म्हणतात, असल्या जुन्या मशीनवर पुढची आवृत्ती चालणार नाही. तो घोर वेगळाच.

पण सांगायचं दुसरंच आहे. तिकडे थंडीच्या मुलखात दरवर्षी लोक जमतात आणि आपापले डेमो मोठ्या पडद्यावर दाखवतात. डेमो म्हणजे छोटा प्रोग्रॅम. चालवला की चित्र हलतं, सूर वाजतात. अट अशी की सगळं चार किलोबाइटच्या आत बसलं पाहिजे. हे पत्र टाइप केलं तर त्याहून मोठं होईल. आत फोटो वगैरे नसतो, आकडेमोडीतूनच उमटतं. मी पाणी केलं होतं. नुसतं संध्याकाळचं पाणी, मावळतीकडं जाणारं. बघत बसलं की ते खुर्चीखालून वाहतंय असं वाटायचं. मी पाय वर घ्यायचो.

ते गेलं, अक्का. माझ्या पडद्यावर मराठी अक्षरं आहेत. कोपऱ्यात एक डबा दिसतो, त्याखाली मी वाचलं, ‘कचरूपेटी’. वाटलं, मशीननं माझ्या नावाची पेटी करून दिली. हिवाळाभराचं काम तिच्यात ठेवलं. ती ‘कचरापेटी’ होती. अभयनं जागा करायला म्हणून रिकामी केली. कळल्यावर तो हसला नाही, तेच मला लागलं.

मुदत मार्चात आहे. पुन्हा होईल का? आणि झालं तरी चित्राखाली ते करणाऱ्याचं नाव द्यावं लागतं. दुकानाच्या पाटीवरसुद्धा जे लिहिलं नाही, ते जगापुढं कसं मांडू? तिथले लोक टोपणनावं घेतात. एखादं बरंसं सुचव.

मोठ्यांस जयभीम, लहानांस आशीर्वाद. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
के. बी.


खुलताबाद
१९ फेब्रुवारी २०१६

चि. कचरूस,

अक्काचा आशीर्वाद आन् जयभीम. मी सांगतेय, सून रूपा लिहितेय.

हा के. बी. कोण रं? बँकेचा मॅनेजर का? मी पाकीट परतच पाठवणार होते. आन् डेमो म्हंजी मिक्सरवाले दारात येऊन चटणी वाटून दाखवतात, तेच का? तसलं आसंल तर या वयात दारोदार फिरू नको. रूपा म्हणली तसं नाय, तवा जीव खाली पडला. (मामा, मला दोनदा समजवावं लागलं. – रूपा)

इथं टँकर येतो. घागरी उन्हात लाईनीला आन् बाया सावलीला. आम्हाला प्यायला नाय, आन् तू हातचं पाणी डब्यात टाकून येतोस. लई शहाणा.

आता नावाचं ऐक. तुझ्या आधीची दोन लेकरं गेली व्हती. तू झालास तवा आई कुणाशी बोलंना. मग एक दिवस तिनं तुला फाटक्या लुगड्यात गुंडाळलं आन् उकिरड्यावर नेऊन ठेवलं. घरात येऊन मला म्हणली की भामा, कुणीतरी काहीतरी टाकलेलं दिसतंय, सूप घेऊन जा. मी एवढीशी. मला खरंच वाटलं दुसऱ्याचं लेकरू हाय. राखेत तू हात हलवत व्हतास. सुपात घालून आणला. आईनं उंबऱ्यात आडवून विचारलं, काय आणलंस. मी म्हणले, कचरा. तेच नाव पडलं.

मरणाला वाटावं, हे टाकाऊ, याला काय न्यायचं, म्हणून ते सगळं. आता तुला गोऱ्या लोकांत लाज वाटत आसंल तर के. बी. लिही, नायतर कलेक्टर लिही. मला काय? माझी जन्माची कमाई एक सूपभर, ती तुला आवडली नाय एवढंच.

पाणी परत कर. रडत बसू नको. पत्र धाडत जा, नायतर मीच येऊन बसंन.

तुझी,
अक्का


पुंडलिकनगर
२० मार्च २०१६

ती. अक्कास,

सप्रेम जयभीम. सुपाची गोष्ट तू आजवर बोलली नव्हतीस. वाचून दोन दिवस मशीनला हात लावला नाही.

मग पाणी परत आलं. अगदी पहिलं नाही. हे जरा सावकाश वाहतं, आणि मधेच त्यावर कुठून तरी उजेड पडतो. तो मी घातलेला नाही, कुठल्या तरी चुकीतून आला आहे. राहू दिला. वरून एक बगळा जातो. दुपारी कूलर पाण्यावाचून कोरडाच वारा फेकतो, मी डोळे अर्धे मिटून पडद्यासमोर बसतो, आणि डोंगराखालचा आपला ओढा गुडघ्यांना लागतो. गोळ्यांना न ऐकणारे गुडघे तेवढा वेळ गप्प राहतात. अभय कामावरून आला की तोही बूट न काढता मागं उभा राहतो.

आता नवी चिंता. फाईल काठोकाठ भरली आहे. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, मराठीला तीन, आणि उकारसुद्धा वेगळा मोजतात. के. बी. कुठंही मावतो. माझं नाव मराठीत घालून पडद्यावर उमटवायचं तर बगळा काढावा लागतो. दोन फायली तयार ठेवल्या आहेत. एकीत बगळा आणि के. बी.; दुसरीत नुसतं पाणी आणि खाली ते नाव. अभय म्हणतो, बाबा, हे तुमचं तुम्हीच ठरवा. मंगळवारी मुदत संपते, तुझं उत्तर त्याआधी पोचणार नाही, तरी विचारतो. कोणती पाठवू? वाटेतच हरवली तर? लोक हसले तर?

इकडची काळजी करू नकोस, ती मी करतोच आहे.

तुझा भाऊ


पुंडलिकनगर
२ एप्रिल २०१६

ती. अक्कास,

सप्रेम जयभीम. तुझं कार्ड मुदत उलटल्यावर मिळालं. नाव गेलं खड्ड्यात, बगळा ठेव, बगळा चांगला असतो, असं तू कळवलंस. उशीर झाला. मी बगळा काढून टाकला होता.

कार्यक्रम इंटरनेटवर दिसत होता. वीज जाईल, मशीन बंद पडेल, पडदा काळा होईल, या भीतीनं मी अभयचा हात धरून बसलो होतो. मोठं अंधारं सभागृह, आणि भिंतीएवढ्या पडद्यावर आपलं पाणी. लोक बोलायचे थांबले. मला वाटलं, नावडलं. पाणी सरलं, नाव उमटलं, मग टाळ्या झाल्या. निवेदकानं अर्जावरचं नाव वाचलं, काच्-रू. आजवर कुणी ते असं उच्चारलं नव्हतं. त्यात कचरा नव्हताच, नुसते दोन सूर होते. नंबर शेवटून दुसरा आला. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

नंतर तिथल्या लोकांनी लिहून विचारलं, या नावाचा अर्थ काय. मला घाम फुटला. अभय म्हणाला, पाणी असा अर्थ सांगा, त्यांना काय कळतंय. मी मोडक्या इंग्रजीत लिहिलं की अर्थ कचरा असा आहे. आधीची भावंडं गेली, मी तरी जगावं म्हणून ठेवलं, आणि उचलून आणणाऱ्या बहिणीनं ठेवलं.

मग एकाचं उत्तर आलं, म्हणजे चाललं की! प्रोग्रॅम बरोबर निघाला की ते लोक असंच म्हणतात.

मी कळवलं, होय, अजून चालू आहे.

रूपाला आशीर्वाद. उन्हात टँकरपाशी उभी राहू नकोस, आणि जीव लावतेस तसाच लावत राहा.

तुझा,
कचरू