आवळलेला शेगडा

१२ फेब्रुवारी

प्रिय बुटके,

आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. इकडे सगळं ठीक. आईचे गुडघे कुरकुरतात, मी कुरकुरतो, घराला तेवढीच सोबत.

कोरीवकामाचं स्वतःचं बाक उभं केलंस, वाचून ऊर भरून आला. आईने दोनदा वाचून घेतलं. आता लाकूड आवळून धरायच्या शेगड्याचं. दुकानदार त्याला वाईस म्हणेल, आपण शेगडाच म्हणू. घेताना रंगाला भुलू नकोस. जबडा उघड आणि हाताने हलवून बघ. खुळखुळला तर तिथेच ठेव, दुकानदार कितीही गोड बोलो. आटे जाड हवेत. लोखंडी जबडे लाकडाला चावतात, म्हणून आतून दोन्हींना फळी लाव आणि वर चामडं चिकटव.

बसवताना बाकाच्या मधोमध बसवू नकोस. पायाच्या डोक्यावर बसव, म्हणजे मोगरीचा घाव सरळ जमिनीत जातो, नाहीतर बाक नाचत सुटतं. नुसत्या स्क्रूंवर भागवू नकोस, आरपार बोल्ट घाल, खालून रुंद वायसर. उंची तुझ्या कोपराएवढी. रंध्याचं बाक बुटकं चालतं, कोरायचं चालत नाही, चार दिवसांत पाठ धरेल.

आणि काम संपलं की शेगडा सैल सोडायचा. आपल्या दुकानाचा नियम आहे, विसरली नसशील.

तू लिहिलंस, दादाचा शेगडा नुसताच पडून आहे, तोच पाठवा. तो जुना झाला गं. शिवाय ओतीव लोखंड, वाटेत कुणी आपटला तर तडकायचा. नवाच घे.

तुझा,
बाबा


२४ मार्च

प्रिय बुटके,

तुझं उत्तर नाही. फोन आला की आईशी तासभर बोलतेस, आणि माझ्या वाट्याला 'बाबांना नमस्कार सांग' एवढंच. परवा फोन ठेवून आई म्हणाली, "तिने नवा घेतलेला नाही. बाक तसंच उभं आहे."

मी म्हटलं, "हट्टी आहे."

"कुणावर गेलीय?" म्हणाली आणि भाजी चिरायला बसली.

तुझ्या दादाचा, आपल्या लंबूचा, शेगडा जुना झालेला नाही. चांगला ठणठणीत आहे. तुला न देण्यासाठी मी तसं लिहिलं. फोनवर मला हे बोलता आलं नसतं, म्हणून पुन्हा कागदच घेतला.

त्या दिवशी लंबू डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीचा पाय करत होता. जुना किडला होता, त्याच्यासारखाच नवा हवा होता, खाली सिंहाचा पंजा. तीन बोटं कोरून झाली होती, चौथं नुसतं पेन्सिलीने आखलेलं. पॉलिशपेपर संपला म्हणून उठला. मी नेहमीसारखं म्हटलं, "शेगडा सैल सोडून जा." म्हणाला, "आलोच हो बाबा, माझी मांडणी मोडू नका." सायकल काढली आणि गेला. चौकातून फोन आला तेव्हा मी त्याच्याच बाकाशी उभा होतो. पुढचं तुला ठाऊकच आहे.

तो पाय अजून तिथेच आहे, त्याने आवळला तसा. मी शेगड्याच्या दांड्याला हात लावलेला नाही आणि आईला लावू दिलेला नाही. त्या बाकाजवळ मोगरीही जोरात मारत नाही, हादऱ्याने ढिलं होईल म्हणून. तुला वाटेल म्हाताऱ्याला वेड लागलंय. लागलं असेल. पण कपडे आईने देऊन टाकले, सायकल मोडीत गेली. त्याच्या मनगटाचा जोर तेवढा त्या शेगड्यात राहिलाय. तुला पाठवायचा तर आधी तो सोडवायला हवा, आणि ते माझ्याच्याने होत नाही.

डॉक्टरीणबाई खुर्चीच्या एका कोपऱ्याखाली विटा रचून बसतात म्हणे. एकदाही तगादा लावला नाही त्यांनी. रस्त्यात भेटल्या की तब्येत विचारतात, खुर्चीचं नावही काढत नाहीत. मलाच तोंड दाखवायची लाज वाटते. त्या दिसल्या की मी पलीकडच्या फुटपाथवर जातो.

काल ताटावर आई म्हणाली, "गेलेल्याचं धरून बसलात, आणि जी आहे ती मागतेय तर तिला नाही म्हणताय. उद्या तीही मागायची थांबेल." मी जेवण टाकून उठलो. तिचं बरोबर होतं, म्हणूनच उठलो.

रागावू नकोस. रागावलीस तरी पत्र टाक.

बाबा


९ मे

प्रिय बुटके,

तुझं दोन ओळींचं पत्र आलं. 'बाबा, राहू दे. तो तुमच्याजवळच असू दे.' शिव्या दिल्या असत्यास तर बरं वाटलं असतं. ते पत्र दोन दिवस खिशात घेऊन फिरलो, मग आईला म्हटलं, चल दुकानात, उघडू या.

दोघं बाकाशी उभे राहिलो. दांडा फिरवायच्या आधी मी नुसता त्या पायावर हात ठेवला, शेवटचा म्हणून. आणि पाय अलगद माझ्या हातात आला.

लाकूड वाळलं होतं गं. घेतानाच जरा ओलसर होतं. मधे उन्हाळे गेले, आक्रसलं. जबड्यांत नुसतं टेकून राहिलं होतं. पकड कधी सुटली कुणास ठाऊक. सगळा जन्म लाकडात काढलेला माणूस मी, आणि वाळलेलं लाकूड आक्रसतं एवढं मला सुचू नये? दबकत वावरलो, मोगरी हळू मारली, तुला नाही म्हटलं, आणि जपत होतो ते तिथे नव्हतंच. मी खाली ढलप्यांत बसलो आणि रडलो. त्याला नेला त्या दिवशीही असा रडलो नव्हतो. आई शेजारी बसून राहिली. खूप वेळाने म्हणाली, "गुडघे धरलेत, आता मला उठवा."

शेगडा पार्सलने पाठवलाय. जबड्यांत गोणपाट कोंबलंय, तडकणार नाही. लंबूने आपल्या उंचीसाठी खाली जाड ठोकळा घातला होता, तो काढून ठेवलाय. तो लावलास तर तुला स्टुलावर चढून कोरावं लागेल.

सोबत तो पायही आहे. चौथं बोट तू कर. कोरताना त्याची पेन्सिलीची रेघ जाईल, जाऊ दे. पण वरच्या बाजूला दोन्हीकडे जबड्याचे वळ उठलेत बघ. कितीदा सांगूनही पठ्ठ्याने कधी चामडं लावलं नाही आणि आवळताना कधी दया केली नाही. ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री फिरवली की असे वळ भरून येतात, मीच तुला शिकवलंय. या वळांना तेवढं करू नकोस. डॉक्टरीणबाईंच्या घरी जाऊन विचारून आलो. म्हणाल्या, "असू देत, मला चालतील." त्या विटाही पाहिल्या. खुर्ची त्या रोज पुसून ठेवतात.

एकच गोष्ट ऐक. काम संपलं की शेगडा सैल सोड. नुसतं कोपऱ्यावर जाऊन यायचं असलं, आलेच म्हणून उठलीस, तरी सैल सोडून जा.

तुझा आणि लंबूचा,
बाबा