बाबांचा काढा मी प्यायले

बाओलिन,

मी इस्पितळात चाललेय. काढ्याच्या चाचणीतून बाबांचं नाव खोडू नका, म्हणून हात जोडणार आहे. विसरण्यावर दुसरा उपाय तरी कुणाकडे आहे? आजचा काढा माझ्या पोटात गेलाय.

उकळताना वास आला तसं त्यांनी विचारलं, "घरात आजारी कोण?" 'तुम्ही' असं म्हणवेना. म्हटलं, "मी." लगेच वाडगा उचलून फुंकर घालायला लागले. "नाक दाब आणि पी पोरी. लहानपणासारखी थुंकलीस तर बघ!" प्यायले. काय करणार?

मग माझं दुखणं येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांनी निघून जावं म्हणून चोथाही ते गल्लीत ओतून आले. इस्पितळाला तो वजन करायला परत द्यावा लागतो. जमेल तेवढा पिशवीत भर, पण त्यांच्यादेखत नको.

पेज शेगडीवर आहे. खारवलेलं बदकाचं अंडं सोलून दे.

जेवल्याचं ते विसरतील, तुलाही 'आपण कोण?' विचारतील. पण सकाळपासून सारखे येऊन माझ्या कपाळाला हात लावून जातायत. एवढं एकच त्यांच्या लक्षात राहिलंय. तेव्हा मी बरी आहे असं त्यांना सांगू नकोस.

ताई